वेंगुर्ल्याची आगबोट आणि अडलेले बारसे

वाचकहो, तुमच्या शेतातला कापूस दरसाल समुद्र ओलांडून विलायतेस जातो आणि धोतर होऊन परत येतो. ते धोतर नेसण्यापूर्वी तुमच्यापैकी कोणी त्याला कधी पंचगव्य पाजले आहे काय?

उत्तराची घाई नाही. तोवर मी आमच्या सफरीची हकीकत सांगतो. मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्यास जाणे आणि त्याच वाटेने परत येणे, एवढीच ती सफर. कोकणची माणसे असल्या जाण्यायेण्याला प्रवासही म्हणत नाहीत. पण माझा मित्र केशव आणि मी पडलो वऱ्हाडचे, आणि तेही देशमुखांच्या गोतातले. त्या सफरीपायी आज केशवच्या तान्ह्या मुलीचे बारसे अडले आहे. तिला नाव नाही, आणि नाव नाही म्हणून पाळणाही नाही. तिचा अपराध असा की तिच्या बापाने हौसेने समुद्र पाहिला.

अकोला

पौष लागला होता. केशवची बायको यमुना पहिल्या बाळंतपणासाठी भातकुलीस, माहेरी गेली होती. अशा वेळी नवरा म्हणजे घरातली सर्वांत निरुपयोगी वस्तू. कापूस विकून झाला होता. अमेरिकेतल्या लढाईने चढलेला भाव लढाई संपताच उतरला, हे खरे. पण चढत्या भावाच्या वर्षांतला पैसा घरोघर अजून होता आणि तो कसा उडवावा याचा विचार सगळा वऱ्हाड करीत होता. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने काचेचे झुंबर आणले. ते घरातल्या आढ्याला टांगले तर डोक्याला लागू लागले, म्हणून गोठ्यात टांगले. आता त्याच्या म्हशी झुंबराखाली रवंथ करतात. त्याबद्दल गोतात त्याचा मान वाढला.

केशवला झुंबर नको होते. तो म्हणाला, "इठ्या, आपला कापूस जाते कोठी, हे पाहू न एक डाव. दरसाल तो जाते. यंदा आपण जाऊ."

मी लहानपणापासून सुधारणेची चोपडी दिसली की वाचीत आलो आहे. समुद्रावर जाण्यात पाप नाही, असे मी निदान चार चोपड्यांत वाचले होते आणि एकीत स्वतः लिहिले होते. समुद्र मात्र पाहिला नव्हता. मी लगेच हो म्हटले.

केशवच्या आईने दशम्या, तिळाची चटणी आणि लसणाचा ठेचा बांधून दिला. घरच्या कापसाची नवी रजई दिली, कारण थंडी अकोल्यास आहे तर समुद्रावर किती असेल. आणि एक तांब्याची कळशी दिली, घरच्या विहिरीच्या पाण्याने भरलेली, तोंडाला फडके बांधलेली.

"बोटीवरचं पाणी पेऊ नोको, बाबू," ती म्हणाली. "बाटशीन."

"आन् हे सरलं तर?"

"तर तहान लागू देऊ नोको."

आगगाडी नुकतीच अकोल्यास आली आहे. डब्यात आम्ही ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, त्यांच्या जाती विचारण्याइतकी हालायला जागाही नव्हती. याला आमच्या गोताची हरकत नाही. गोताचे वडीलधारे स्वतः असेच बसतात, कारण कापूस गाडीने जातो आणि त्याच्यामागे त्यांना जावे लागते. ज्यात कापूस जातो त्यात बाट नाही, असा काही नियम असावा असे मला तेव्हा वाटले. पुढे कळले की नियम इतका सोपा नाही.

कुलाबा

मुंबईबद्दल लिहीत नाही. तिच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. फक्त कुलाब्याच्या कापसाच्या मैदानाबद्दल एवढेच सांगतो की तिथे आमच्याकडच्या उमरावतीचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथे माणसे राहतात हे कोणालाही ठाऊक नाही. एका गुमास्त्याने विचारले, कोठले? केशव म्हणाला, उमरावतीकडचे. त्याने आमच्याकडे असे पाहिले, जणू गठ्ठ्याला पाय फुटून तो बोलू लागला आहे. "उमरावती म्हणजे कापूस," तो म्हणाला. केशवने आपला पाय पुढे करून दाखवला. गुमास्त्याला ते हसण्यासारखे वाटले नाही.

गठ्ठे मालवाहू पडावांत चढत होते आणि पडाव दूर उभ्या असलेल्या शिडाच्या गलबताकडे जात होते. केशव बराच वेळ पाहत राहिला. "हा चालला," तो म्हणाला. "याले कोणी विचारत नाई, काहून जातं म्हून."

आगबोटीवर

आमची आगबोट दोन्ही अंगांना चाके असलेली होती. चाके पाणी थोपटीत, मधले धुराडे काजळी ओकी, आणि ती काजळी वाऱ्याबरोबर नेमकी वरच्या फळ्यांवर बसलेल्या गरिबांवर पडे. साहेबलोक मागे, आडोशाला बसत. आम्ही गरीब नव्हतो, पण केशवला समुद्र पाहायचा होता आणि आडोशातून तो दिसत नव्हता, म्हणून आम्ही काजळी पसंत केली.

बंदर सुटेपर्यंत आम्ही शहाण्या माणसांसारखे उभे होतो. बंदर सुटल्यावर बोट एका अंगावर झुकली, मग दुसऱ्या अंगावर, आणि मला माझ्या चोपडीतले समुद्राच्या बाजूचे एकेक मत सोडावेसे वाटू लागले. केशव माझ्याहून आधी आडवा झाला. त्याच वेळी आमची कळशीही आडवी झाली. फडक्याची गाठ सुटली, आणि केशवच्या आईच्या विहिरीचे सगळे पाणी तिच्याच रजईने पिऊन टाकले. वऱ्हाडी कापूस पाणी किती पितो, हे कुलाब्याच्या कोणत्याही पारख्यापेक्षा आम्हांला आज अधिक ठाऊक आहे. ती रजई दोघांना मिळूनही उचलता येईना. पुढचे सगळे दिवस ती कठड्यावर टाकलेली होती आणि खारे दव पिऊन अधिकच जड होत होती.

आणि थंडी कोठे होती? आमच्याकडे पौषात शेकोटी सोडवत नाही. इथे दुपारी अंगरखे काढून बसावे लागले. रात्रीचा वारा तेवढा बोचे, आणि त्याच वेळी रजई कामास येत नसे.

आमच्या शेजारी मालवणकडची एक म्हातारी बसली होती. मुंबईस लेकाला भेटून ती घरी चालली होती. मांडीवर फणसाच्या आठळ्यांची गाठोडी, जवळ पेजेचे मडके. आमची अवस्था तिने बराच वेळ पाहिली.

"खंयचे तुमी?"

"अकोल्याचे," मी म्हणालो.

"ता खंय असा?"

मी सांगू लागलो. भुसावळ, त्याच्या पुढे मलकापूर, त्याच्या पुढे... तिने मधेच विचारले, "दर्यो किती लांब?"

"आमच्याकडे दर्या नाही."

तिने केशवकडे अशा कणवेने पाहिले, जशी आमच्याकडची माणसे बापाविना वाढलेल्या पोराकडे पाहतात. मग नारळाच्या करवंटीत पेज ओतली. "खावा रे झिलांनू. पोट रिकामा ठेवलास तर दर्यो आणखी पिळतलो."

केशव उठून बसला. म्हातारीची जात कोणती, मडके कोणत्या पाण्याचे, पेज कोणी शिजवली, यांपैकी काहीच त्याने विचारले नाही. तो पेज प्याला. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, कोमट. आमच्याकडे असली पेज आजाऱ्याला देतात आणि आजारीही नाक मुरडतो. केशवने करवंटी पुन्हा पुढे केली. मीही प्यालो. नंतर आम्ही बोटीवरच्या टाकीतले पाणीही प्यालो आणि दोघेही जिवंत राहिलो.

मोबदल्यात आम्ही तिला दशमी आणि ठेचा दिला. ठेचा चाखून तिने डोळे पुसले आणि विचारले, तुमच्याकडे हा खातात की कोणाला शिक्षा म्हणून देतात?

पुढे बंदरे येत गेली. बोट दूर थांबायची, किनाऱ्यावरून होड्या यायच्या, त्यांतून नारळ, कोंबड्या, बायका, मुले आणि आरडाओरडा वर चढायचा. डावीकडे डोंगर, माडांच्या रांगा, वाळूची पांढरी रेघ. उजवीकडे काही नाही. हे काही नसणे मी आयुष्यात प्रथम पाहिले. आमच्या सपाट काळ्या रानातही नजर कोठेतरी बाभळीला, देवळाला अडते. इथे ती अडत नव्हती. केशव नेहमी उजव्या अंगाला बसे.

मालवणच्या अलीकडे एका सकाळी दाट धुके पडले. डावीकडचे डोंगर गेले, माड गेले, वाळू गेली. बोटीने चाके थांबवली आणि घंटा वाजवीत ती जागीच डुलत राहिली. म्हातारी जपमाळ ओढू लागली.  चहूकडे पांढरे, खाली पाणी.

"इठ्या," केशव हळूच म्हणाला, "पोरगं झालं तर याच्यासारखं काहीतरी त्याले दाखवाले आनीन. पोट्टी झाली तरी आनीन."

मग ऊन आले, धुके उडाले, डोंगर होते तिथेच होते. वेंगुर्ल्यास आम्ही उतरलो, बाजार हिंडलो, एका खाणावळीत मासे खाल्ले. केशवने ओल्या वाळूतून लहान लहान शिंपले वेचले, भोके पाडून त्यांची माळ ओवून घेतली, आणि परतीच्या बोटीत आम्ही चढलो. परतीच्या वाटेबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की रजई एका खलाशाला देऊन टाकली. तो ती घेताना आभार मानू की राग मानू, अशा पेचात दिसला.

भातकुली

अकोल्यास उतरलो तर निरोप थांबला होता. यमुनेला मुलगी झाली, दोघी खुशाल, आणि बारसे परवा. केशवची धाकटी बहीण गोदा तेल्हाऱ्यास दिलेली आहे. ती भाचीचे नाव ठेवायला म्हणून अकोल्यास येऊनच बसली होती. आमच्याकडे मुलाच्या कानात नाव सांगण्याचा मान बापाच्या बहिणीचा असतो, आणि त्या दिवशी तिच्याइतकी मोठी बाई गावात दुसरी नसते. आम्ही तिघे बडनेऱ्यापर्यंत गाडीने आणि तेथून बैलांच्या दमणीने भातकुलीस पोचलो.

केशवचे सासरे मोठे आसामी. अंगावर विलायती मलमल, भिंतीवर विलायती घड्याळ. ते पाच दाखवो की नऊ, घरात कोणालाही फरक पडत नाही, पण ते वाजते आणि आले-गेले माना वर करून पाहतात. अंगणात मांडव होता, गोतातली सगळी मातबर घरे आली होती. पाळणा सजवला होता. बायका भोवती बसल्या, यमुना मुलीला घेऊन आली, आणि केशवने पुढे होऊन शिंपल्यांची माळ पाळण्याच्या दांडीला बांधली.

"हे कोठचं आनलं, जावईबापू?" सासऱ्यांनी कौतुकाने विचारले.

"वेंगुर्ल्याहून."

"थे कोठी आलं?"

"मुंबईहून आगबोटीनं जा लागते. समुद्रानं."

गोदा वाकली होती. तिचे तोंड मुलीच्या कानाशी पोचायला वीतभर अंतर राहिले होते. सासरे म्हणाले, "थांब बाई."

मग पाळण्याभोवतीच्या बायका उठल्या आणि त्यांच्या जागी पुरुष बसले. गोत जमवायला वेगळे निरोप धाडावे लागले नाहीत. गोत जेवायलाच आले होते. चौकशी सुरू झाली, आणि ती मी जशीच्या तशी देतो, कारण असली गोष्ट मी बनवून लिहिली असती तर तुम्ही मला खोटा म्हटले असते.

"बोटीवरून काठ दिसे काय?" एका वडिलांनी विचारले. हे गृहस्थ स्वतः मुंबईस मचव्यात बसून खाडीपार गेले होते. त्यांच्या मते काठ दिसत असेल तर ती नदी समजावी आणि प्रश्न मिटवावा. सासऱ्यांनी मान हलवली. त्यांनाही प्रश्न मिटायला हवा होता. जेवण तयार होते, लेकीचे पहिले लेकरू होते.

"दिसे," केशव म्हणाला.

"सारा वेळ?"

मी त्याच्या पाठीत बोट खुपसले. केशवने विचार केला. खरोखर विचार केला, कारण त्याला आठवायचे होते.

"एका सकाळी नोयता दिसत. धुकं पडलं होतं."

"किती वेळ?"

"बराच."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी उठून म्हणालो की धुके हे आकाशाचे काम आहे, केशवचे नव्हे; आणि काठ धुक्याच्या मागे होताच. एकजण म्हणाला, "मागं तर विलायतही हाय." खरे सांगायचे तर त्या सगळ्या दिवसातला तोच एक चांगला युक्तिवाद होता.

"बरं, कामाले गेले होते न?" खाडीपारवाले वडील समजुतीने म्हणाले. "भाव पाहाले, अडत्याले भेटाले. कामाले गेलं तर थोडं चालते."

"नाई जी. पाहाले गेलो होतो."

"काय पाहाले?"

"समुद्र."

"उगंच?"

"उगंच."

इथे गोत खरे हादरले. पेज, टाकीचे पाणी, खाणावळ, हे सगळे पुढे निघालेच. पण ते त्यांना समजण्यासारखे होते. तहान लागते, भूक लागते. पण घरचे खाऊन, काही विकायचे नाही, काही घ्यायचे नाही, तरी माणूस उठतो आणि पाणी पाहायला जातो, याला त्यांच्याकडे माफी नव्हती.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. म्हणालो, हे कोणत्या वाटेने आले? याला काठ दिसत होता काय?

सासरे शांतपणे म्हणाले, "घड्याळाले जात नसते, बाबू. आपल्याले हाय."

प्रायश्चित्त ठरले. क्षौर, पंचगव्य, गोतजेवण, आणि गोतासमोर हात जोडून 'चूक झाली' म्हणणे. केशव क्षौराला तयार होता. पंचगव्याला तयार होता; म्हणाला, पेज पचली, हेही पचेल. जेवणाला तर आनंदाने तयार होता. फक्त शेवटचे त्याला जमेना.

"कबूल करून टाक न, बाप्पा," सासरे म्हणाले. आता ते हुकूम देत नव्हते, विनवीत होते. "एक शब्द हाय. पोट्टीचं बारसं अडून राहिलं."

"चूक झाली अस्ती तं म्हटलं अस्तं, मामाजी. पण नाई झाली न."

"मंग जवरी म्हनत नाई, तवरी लेक पाठवत नाई. बारसंही नाई."

मी त्याला त्या क्षणी शाबासकी दिली. आतून यमुनेचे रडणे ऐकू आले, तेव्हा शाबासकी थोडी थांबवली. जेवण मात्र थांबले नाही. आम्हा दोघांना वगळून पंगत बसली, आणि समुद्राने न बाटलेल्या लोकांनी बारशाच्या घुगऱ्या, न झालेल्या बारशाच्या घुगऱ्या, आवडीने खाल्ल्या. गोदाला जेवायला आलेल्या तिच्या सासऱ्यांनी तेथूनच दमणीत बसवून तेल्हाऱ्यास नेले. तिने मागे वळून पाळण्याकडे पाहिले, ते मला अजून दिसते.

पुन्हा अकोला

तेव्हापासून केशवच्या घरी गोतातले कोणी पाणी पीत नाही. माझ्याही घरी पीत नाही. पण मी चोपड्या लिहू लागल्यापासून माझ्याकडे तसेही कोणी येत नव्हते, त्यामुळे माझ्या शिक्षेचा मला अजून पत्ता लागलेला नाही. केशवची आई मात्र रोज दाराशी बसून संक्रांतीच्या वाणाला न आलेल्या बायकांची नावे घेते. ती लेकाला बोलत नाही. एकदा फक्त मला म्हणाली, "कळशीची गाठ मी पक्की देली होती."

केशव मऊ पडू लागला होता. मला तो एका संध्याकाळी म्हणाला, "म्हनून टाकू काय इठ्या? पोट्टीचं तोंड तरी दिसन." चोपड्यांत अशा वेळेसाठी पुष्कळ मजकूर आहे. मला एक ओळ आठवेना.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला यमुना दारात उभी. कडेवर मुलगी, हातात गाठोडे. भातकुलीहून बडनेऱ्यापर्यंत आईने गुपचूप दमणी जोडून दिली, आणि पुढे ही बाळंतीण एकटी आगगाडीत बसून आली.

केशवने विचारले, "मामाजींनं पाठवलं?"

"बाप म्हने पाठवत नाई. म्या म्हटलं, मले पाठवाले मी काय कापसाचा गठ्ठा हाय? मी जातो." मग तिने सासूच्या पायांवर मुलीला ठेवले आणि केशवकडे वळून म्हणाली, "आन् तुमी तिथी जाऊन चूक झाली म्हनान तर मी उलटी जाईन. आईले सोडून आली मी. फुकट नाई आली."

 केशवने मुलीला उचलले.

पाळणा टांगला आहे, रिकामा. यमुनेने नावही ठरवले आहे. ते मला ठाऊक आहे, पण इथे छापणार नाही. ते सर्वांआधी मुलीच्या कानात जायला हवे. गोदाला तेल्हाऱ्याहून पाठवत नाहीत, आणि आळीतल्या बायका पडद्याआडून पाहतात पण उंबऱ्यात येत नाहीत.

म्हणून वाचकहो, तुम्ही सुधारणेच्या बाजूचे आहात हे मला कळवू नका. माझी चोपडी आवडली असेही कळवू नका. माघी पौर्णिमेच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, अकोल्यास केशवच्या घरी या. मोर्णा नदीच्या काठी कोणालाही विचारा, समुद्र पाहिलेल्याचे घर कोणते. सगळे दाखवतील, आत मात्र येणार नाहीत. येताना घरच्या लेकीसुनांना बरोबर आणा, आणि त्या निघाल्या तर त्यांना अडवू नका. घुगऱ्या खा, पाणी प्या. आणि त्यांच्यातल्या कोणा एकीने पाळण्यावर वाकून त्या मुलीच्या कानात तिचे नाव सांगावे.